थ्रॉटल पुलीचा आकार आणि अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद : जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अ‍ॅक्सिलरेटरवरील पायाची हालचाल इंजिनापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा गेल्या सव्वाशे वर्षांत चार टप्प्यांतून गेली : हाताची कळ, दांड्यांची जोडणी, केबल व पुली आणि विद्युत संकेत. प्रस्तुत लेखात या चार टप्प्यांचा महाराष्ट्रातील मोटार-इतिहासाच्या आधारे आढावा घेतला असून, पुलीच्या त्रिज्येमुळे गाडीच्या प्रतिसादात नेमका काय फरक पडतो याचे विवेचन केले आहे. पुलीचा आकार इंजिनाची शक्ती वाढवीत नाही. उपलब्ध शक्ती पायाच्या चालीत कशी वाटली जाईल एवढेच तो ठरवतो. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागात ही वाटणी प्रवाशांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अ‍ॅक्सिलरेटर, थ्रॉटल, पुली, केबल, पिकअप, जव्हार, मोखाडा, घाटरस्ता.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत मोटारीसंबंधी जे शब्द रूढ झाले त्यांत ‘पिकअप’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. ‘या गाडीला पिकअप चांगला आहे’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात दोन भिन्न गोष्टी असतात. एक म्हणजे इंजिनाची शक्ती. दुसरी म्हणजे पाय किंचित दाबताच गाडीने पुढे झेप घेणे. पहिली गोष्ट इंजिनाच्या रचनेवर आणि गाडीच्या वजनावर अवलंबून असते. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी पाय आणि इंजिन यांच्यामधील जोडणीवर अवलंबून असते. एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी सामावल्या गेल्यामुळे जोडणी बदलली की शक्ती वाढते, असा समज वाहनचालकांत आणि काही प्रमाणात कारागिरांतही रुजलेला दिसतो.

या जोडणीतील एक लहानसा भाग म्हणजे थ्रॉटल पुली. इंजिनात हवा घेणाऱ्या नळीत एक गोल चकती असते. कारागीर तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. या चकतीच्या आसाच्या टोकाला ही पुली बसवलेली असते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल पुलीच्या खोबणीतून जाते. पाय दाबला की केबल ओढली जाते, पुली फिरते, चकती उघडते आणि इंजिनाला अधिक हवा मिळते. पाय उचलला की स्प्रिंग चकती पुन्हा बंद करते. विहिरीवरचा रहाट ज्या तत्त्वावर चालतो त्याहून हे तत्त्व फारसे वेगळे नाही.

या विषयाचा विचार जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात करण्याचे कारण भौगोलिक आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेल्या या दोन तालुक्यांत रेल्वे नाही. पालघर, डहाणू, कसारा किंवा नाशिक यांपैकी कोणतेही ठिकाण गाठावयाचे तर वळणावळणाचा रस्ता हाच एक मार्ग आहे. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात आला. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी या गावांचे नाव कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे सर्वत्र पोहोचले. त्या शोकांतिकेची कारणे दारिद्र्य, रोजगार आणि आरोग्यव्यवस्था यांत होती. तथापि वस्तीपासून रुग्णालयापर्यंतचे अंतर हा त्या चर्चेचा एक भाग होताच. अशा प्रदेशात गाडी रस्त्यावर किती शांतपणे चढते व उतरते हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

२. हाताच्या कळीपासून पायाच्या पट्टीपर्यंत

प्रारंभीच्या मोटारगाड्यांत इंजिनाचा वेग पायाने नियंत्रित होत नसे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीच्या सुकाणूखाली दोन कळी असत. उजवीकडची कळ थ्रॉटलची आणि डावीकडची ठिणगीची वेळ मागेपुढे करण्याची. पायाखाली तीन पट्ट्या असत, परंतु त्यांपैकी एकही अ‍ॅक्सिलरेटरची नव्हती. चालक कळ एका जागी ठेवी आणि ती तेथेच राही. म्हणजेच इंजिनाला दिलेली आज्ञा चालकाने बदलेपर्यंत कायम राहत असे.

आज सर्वत्र परिचित असलेली क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांची क्रमवार मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ या गाडीत दिसते. १९२२ च्या ऑस्टिन सेव्हन या लहान आणि स्वस्त गाडीमुळे ती सामान्य झाली. हा बदल वरवर सोयीचा वाटतो. परंतु त्यामागे नियंत्रणाची कल्पनाच बदललेली आहे. हाताची कळ ठेवलेल्या जागी राहते, तर पायाची पट्टी पाय उचलताच मागे येते. इंजिनाला क्षणोक्षणी आज्ञा देणे येथून सुरू झाले. साहजिकच पायाच्या किती हालचालीला चकती किती उघडावी, हा प्रश्न रचनाकारांपुढे प्रथमच गांभीर्याने उभा राहिला.

या प्रश्नाच्या उत्तराला उपयोगी पडलेला एक शोध त्याआधीच लागलेला होता. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ मध्ये लवचीक वेष्टनातून सरकणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. बाहेरचे वेष्टन स्थिर राहते आणि आतील तार सरकते, त्यामुळे वळणे घेऊनही ओढ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचते. सायकलींचे ब्रेक, मोटारसायकलींची थ्रॉटल आणि पुढे मोटारगाड्यांचा अ‍ॅक्सिलरेटर या सर्वांनी ही तार स्वीकारली. मराठी कारागिरांच्या तोंडी ती केवळ ‘केबल’ झाली.

३. दांड्यांचा काळ : मुंबईचा मोटार-उद्योग

मुंबईत १८९८ च्या सुमारास मोटारगाड्या आल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. याच गाडीच्या वंशातील प्रीमियर पद्मिनी पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनली. टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. महिंद्रा आणि महिंद्रा या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलीज जीप जुळवण्यास प्रारंभ केला.

या पिढीच्या पुष्कळ गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर आणि कार्ब्युरेटर यांना लोखंडी दांड्या, कोपरे आणि गोळीसांधे जोडीत असत. दांडी ज्या तरफेला जोडली आहे त्या तरफेची लांबी हीच येथे पुलीच्या त्रिज्येचे काम करते. तरफ लांब असेल तर चकती सावकाश उघडते. आखूड असेल तर लवकर उघडते. अनेक तरफांना एकापेक्षा अधिक भोके असत. दांडीचे टोक एका भोकातून काढून दुसऱ्यात बसवले की गाडीचा प्रतिसाद बदलत असे. पान्हा, पक्कड आणि अनुभव एवढ्या भांडवलावर कारागीर हा बदल करू शके. सांधे झिजले की पट्टीत सैलपणा येई आणि पायाची पहिली हालचाल वाया जाई. तो सैलपणा काढणे हेही त्याचेच काम असे.

युद्धकालीन विलीज जीपमध्ये पायाच्या अ‍ॅक्सिलरेटरबरोबर हाताने ओढावयाची थ्रॉटलची मूठही होती. पायाची पट्टी आल्यानंतरही हाताची कळ टिकून राहिली याचे कारण जीपच्या उपयोगात आढळते. खडकाळ रस्त्यावर गाडी हिसके घेते तेव्हा चालकाचा पायही उडतो आणि प्रत्येक उडीबरोबर इंजिनाला कमी-जास्त आज्ञा मिळते. हाताची मूठ एका जागी ठेवली की इंजिन एकसारखे चालते. पंप किंवा इतर यंत्रे इंजिनाच्या बळावर चालवतानाही हीच स्थिरता उपयोगी पडे. खडबडीत रस्त्यावर तत्पर प्रतिसादापेक्षा स्थिर प्रतिसाद अधिक मोलाचा असतो, ही जाणीव या मुठीत मूर्त झालेली आहे.

४. केबल आणि पुली : रचनेचे गणित

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि लहान, हलक्या, पुढील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांचा काळ भारतात सुरू झाला. अशा गाड्यांत इंजिन आडवे बसते आणि आपल्या रबरी आधारांवर हलत राहते. ताठ दांड्यांपेक्षा लवचीक केबल अशा ठिकाणी सोयीची ठरते. त्यामुळे केबल आणि तिच्या टोकाची पुली हीच पुढील दोन-तीन दशके सर्वसाधारण रचना राहिली.

पुलीचे गणित साधे आहे. केबल जितकी ओढली जाते त्या लांबीला पुलीच्या त्रिज्येने भागले असता पुली किती फिरली ते मिळते. उदाहरणादाखल काही मापे घेऊ. चकती पूर्ण बंद स्थितीतून पूर्ण उघडण्यासाठी ८० अंश फिरावी लागते आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबला असता केबल ४२ मिलिमीटर ओढली जाते, असे धरू. पुलीची त्रिज्या ३० मिलिमीटर असल्यास ४२ मिलिमीटरला ८० अंश पूर्ण होतात. म्हणजे पट्टीची चाल आणि चकतीची चाल एकाच वेळी संपते.

आता त्याच ठिकाणी २४ मिलिमीटर त्रिज्येची लहान पुली बसवली तर चकती सुमारे ३३.५ मिलिमीटरलाच पूर्ण उघडते. पट्टीची शेवटची वीस टक्के चाल निरुपयोगी होते. पट्टीखाली योग्य अडथळा नसेल तर पायाचा सर्व जोर केबलवर व चकतीच्या आसावर येतो. याउलट ३६ मिलिमीटर त्रिज्येची मोठी पुली बसवली तर पट्टी शेवटपर्यंत दाबूनही चकती सुमारे ६७ अंशच फिरते. अशा गाडीत इंजिनाची कमाल शक्ती चालकाला कधीच पूर्ण मिळत नाही.

खरा फरक पट्टीच्या प्रारंभीच्या चालीत जाणवतो. पट्टी एक चतुर्थांश दाबली असता केबल १०.५ मिलिमीटर सरकते. ३० मिलिमीटरच्या पुलीत चकती २० अंश फिरते, २४ मिलिमीटरच्या पुलीत २५ अंश आणि ३६ मिलिमीटरच्या पुलीत सुमारे १७ अंश. हे अंतर किरकोळ वाटते. परंतु हवेची वाट कोनाच्या प्रमाणात वाढत नाही. गोल नळीतील चकती सुरुवातीला नळीला जवळजवळ आडवी असते आणि वाट हळूहळू, नंतर अधिकाधिक वेगाने मोकळी होत जाते. आदर्श चकती धरल्यास २० अंशांना नळीचा सुमारे ६ टक्के भाग मोकळा होतो, तर २५ अंशांना ९ टक्क्यांहून थोडा अधिक. कोन पाव हिश्शाने वाढला, पण हवेची वाट दीडपटीहून अधिक झाली. लहान पुलीच्या गाडीत ‘पाय टेकताच गाडी उडते’ असा जो अनुभव येतो त्याचा उगम येथे आहे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. इंजिन मंद फिरत असताना त्याची हवेची गरज कमी असते. चकती थोडी उघडताच ती गरज बव्हंशी भागते. त्यापुढे चकती कितीही उघडली तरी फारसा फरक पडत नाही. त्यामुळे कमी वेगात पट्टीच्या पहिल्या भागातच जवळजवळ सर्व जोर साठलेला असतो. लहान पुली हा साठा आणखी थोड्या चालीत कोंबते.

स्प्रिंगचा विचारही आवश्यक आहे. चकती बंद करणाऱ्या स्प्रिंगचा पीळ तोच असताना पुली लहान केली तर केबलला अधिक ओढ लागते. ३० मिलिमीटरवरून २४ मिलिमीटरवर आल्यास ही ओढ पंचवीस टक्क्यांनी वाढते. पट्टी जड लागते आणि केबल लवकर झिजते. चालीत जे वाचवले ते जोरात द्यावे लागते, हा तरफेचा जुना नियम येथेही सुटत नाही.

या सर्व अडचणींवर रचनाकारांनी शोधलेला उपाय म्हणजे पूर्ण गोल नसलेली पुली. तिची त्रिज्या प्रारंभी मोठी असते आणि पुढे कमी होत जाते. पहिल्या चालीत चकती सावकाश उघडते, त्यामुळे गर्दीत आणि चढावर गाडी हलक्या पायाने चालवता येते. पुढील चालीत चकती झपाट्याने उघडते आणि पूर्ण शक्तीही मिळते. जुन्या गाडीचे झाकण उघडून पुली पाहिल्यास तिचा आकार वाटाण्याच्या शेंगेसारखा किंवा शंखासारखा वाकडा का असतो, याचे उत्तर यात आहे. तो घडणीतील दोष नसून जाणीवपूर्वक केलेली योजना आहे.

दुचाकीत हेच तत्त्व उलट बाजूने दिसते. स्कूटर व मोटारसायकलच्या मुठीत केबल ओढणारे चाक असते. तेथे चाक मोठे असेल तर मूठ थोडी फिरवूनही केबल अधिक ओढली जाते आणि प्रतिसाद तीव्र होतो. ओढणारे चाक मोठे केल्याने जे घडते तेच ओढले जाणारे चाक लहान केल्याने घडते. पुण्याच्या आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकपासून पुढे आलेल्या असंख्य दुचाकींच्या चालकांनी या गणिताचा अनुभव मनगटाने घेतलेला आहे.

५. लहान पुलीचा मोह

लहान पुली बसवून गाडीचा ‘पिकअप वाढवण्याचा’ प्रकार शर्यतीच्या गाड्यांतून सामान्य गाड्यांकडे आला. शर्यतीत चालकाला पूर्ण उघडी आणि पूर्ण बंद या दोनच स्थितींत बहुतेक वेळ काढावयाचा असतो. दोहोंमधील अंतर जितके कमी तितका त्याचा वेळ वाचतो. त्याचा रस्ता गुळगुळीत असतो, त्याचा पाय सरावलेला असतो आणि गाडीत त्याच्याखेरीज प्रवासी नसतो.

सामान्य गाडीत याच बदलाचे परिणाम निराळे होतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत चकती एकदम उघडली तर हवा तत्काळ आत येते, परंतु पेट्रोल मागे राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये एक लहान पंप असतो आणि तो चकतीच्या हालचालीबरोबर पेट्रोलची पिचकारी मारतो. या पंपाचे माप मूळ पुलीच्या चालीला अनुसरून ठरवलेले असते. पुली बदलून पंप तोच ठेवला तर गाडी झेप घेण्याऐवजी क्षणभर अडखळू शकते. पेट्रोलचा खपही अनावश्यक पिचकाऱ्यांमुळे वाढतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चढावर गाडीची कसोटी लागते तेव्हा लहान पुलीचा काहीच लाभ होत नाही. भरलेली गाडी घाटात ओढताना चालक पट्टी पुष्कळशी दाबूनच असतो. चकती पूर्ण उघडल्यानंतर इंजिन जे बळ देईल ते कोणत्याही पुलीला सारखेच असते. चढ चढवणारे बळ इंजिन आणि गिअर यांच्याकडून येते. लहान पुलीने केवळ त्या बळाचा प्रारंभ लवकर भासतो. ‘पिकअप’ या शब्दातील दोन अर्थ येथे स्पष्टपणे विलग होतात.

६. घाटरस्ता आणि डिझेलची जीप

जव्हारहून मोखाडा आणि तेथून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक, तसेच मोखाड्याहून खोडाळामार्गे कसारा व इगतपुरीकडे जाणारे रस्ते हे या भागाचे जीवनमार्ग आहेत. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस होतो, दरडींची माती रस्त्यावर येते आणि धुक्यात पुढचे वळण दिसत नाही. राज्य परिवहनची एसटी आणि प्रवासी वाहतूक करणाऱ्या जीप यांवर या भागातील दळणवळण मुख्यतः अवलंबून राहिले आहे.

या जीप बहुधा डिझेलच्या होत्या. महिंद्रा कंपनीने प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिने बनवली आणि तिचा इंजिनांचा कारखाना मोखाड्यापासून फारसा दूर नसलेल्या इगतपुरीत उभा राहिला. जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी चकती हवा रोखून शक्ती ठरवीत नाही. अ‍ॅक्सिलरेटरची दांडी किंवा केबल इंधनपंपाच्या तरफेला जोडलेली असते. अनेक पंपांत पायाची आज्ञा आधी गव्हर्नरकडे जाते. इंजिनाने किती वेगाने फिरावे हे पाय सांगतो आणि त्यासाठी किती इंधन द्यावे हे गव्हर्नर ठरवतो. त्यामुळे पुलीच्या जागी तरफेची लांबी आली तरी प्रश्न तोच राहतो : पायाच्या एका बोटभर चालीला इंजिनाने किती उत्तर द्यावे?

घाटात या प्रश्नाचे तीन प्रसंग येतात. पहिला, चढावर थांबलेली गाडी पुन्हा सोडण्याचा. अर्धा क्लच सोडून नेमकी रेस द्यावी लागते. प्रतिसाद फार तीव्र असेल तर गाडी हिसका घेते किंवा चाके ओल्या मातीत जागच्या जागी फिरतात. फार मंद असेल तर इंजिन बंद पडून गाडी मागे सरकते. दुसरा प्रसंग खड्ड्यांचा. पाय उडाल्याने केबल दोन मिलिमीटर पुढेमागे झाली तर वर घेतलेल्या मापांनुसार ३६ मिलिमीटरच्या पुलीत चकती सुमारे ३ अंश हलते आणि २४ मिलिमीटरच्या पुलीत जवळजवळ ५ अंश. गाडीच्या धक्क्याने पाय हलतो, पायाने गाडी पुन्हा धक्का घेते आणि हे आवर्तन वाढत जाते. तिसरा प्रसंग उताराचा. तेथे पाय पूर्ण उचलला असता चकती पूर्ण बंद होणे आवश्यक असते, कारण इंजिनाचा रोध हाच उतारावरील पहिला ब्रेक होय. गंजलेली केबल, कमजोर स्प्रिंग किंवा खोबणीतून सुटलेली तार यांमुळे चकती उघडी राहिली तर परिणाम गंभीर होतो.

मागच्या आसनावर प्रसूतीसाठी निघालेली स्त्री किंवा आजारी मूल असेल तेव्हा या तिन्ही प्रसंगांचे मूल्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तत्पूर्वी आणि त्यानंतरही दुर्गम पाड्यांवरून मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावे लागल्याचे प्रसंग या भागात आलेले आहेत. या दृष्टीने पाहता घाटातील गाडीला सावकाश प्रारंभ आणि पूर्ण उघडणारा शेवट देणारी वाकडी पुली ही मूळ रचनाकाराने प्रवाशाच्या बाजूने घेतलेली भूमिका ठरते. ती काढून लहान गोल पुली बसवणे म्हणजे ती भूमिका मागे घेणे होय. वाहनाच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत; त्यामागील विवेकही हाच आहे.

७. केबलकडून विद्युत संकेताकडे

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यू कंपनीच्या मोठ्या गाड्यांत केबलऐवजी विद्युत संकेताने चालणारी थ्रॉटल आली. भारतात २००० पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेल्या प्रदूषण-मानकांमुळे आधी कार्ब्युरेटर गेला आणि इंधन-फवाऱ्याची पद्धत आली. त्या पहिल्या बदलात केबल आणि पुली टिकून राहिल्या. पुढे भारत स्टेज ४ हे मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या काळात चारचाकी गाड्यांत पुलीची जागा विद्युत मोटरने घेतली. सर्वसाधारण मोटारसायकलींत मात्र केबल व पुली आजही आढळतात.

नव्या रचनेत पट्टीखाली दोन संवेदक असतात. दोहोंचे माप जुळत नसेल तर गाडीचा संगणक शक्ती मर्यादित करतो. पट्टी किती दाबली हे पाहून चकती किती उघडावी याचे कोष्टक संगणकात साठवलेले असते. ‘इको’ आणि ‘स्पोर्ट’ अशी बटणे बहुधा हे कोष्टक बदलतात. म्हणजे पुली नाहीशी झाली तरी पुलीचा आकार नाहीसा झाला नाही; तो लोखंडातून आकड्यांत गेला. पट्टी आणि संगणक यांच्यामध्ये बसवून ‘पिकअप वाढवणारी’ लहान यंत्रे आज विकली जातात. ती बहुतांशी लहान पुलीचेच काम करतात आणि त्यांची मर्यादाही तीच आहे.

या स्थित्यंतरात लाभ पुष्कळ झाला. केबल गंजण्याचा किंवा अडकण्याचा प्रश्न संपला, धूर कमी झाला, घसरणाऱ्या चाकाची शक्ती आपोआप कमी करणे शक्य झाले. अमेरिकेत टोयोटा गाड्यांच्या अनपेक्षित वेगवाढीच्या तक्रारींनंतर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय तपासात विद्युत थ्रॉटलमध्ये तसा दोष आढळला नाही. अडकणारी पट्टी आणि पायाखालची सतरंजी यांकडे मात्र बोट दाखवले गेले. म्हणजे विद्युत युगातही पायाजवळचा साधा यांत्रिक भाग दुर्लक्षून चालत नाही.

तथापि एक हानीही झाली. दांडीचे भोक बदलणारा, केबलचा ताण बोटाने पाहून ठरवणारा आणि पुलीची खोबण साफ करून त्यात तेलाचा थेंब सोडणारा कारागीर हा प्रतिसाद समजून घेत होता आणि तो स्थानिक रस्त्याशी जुळवीत होता. संगणकातील कोष्टक त्याला दिसत नाही. ते ज्या रस्त्यांचा विचार करून आखले गेले त्यांत जव्हार-मोखाड्याचा घाट असेलच असे नाही. प्रतिसाद कसा असावा हा निर्णय गॅरेजमधून कारखान्याच्या संगणक विभागात गेला, हे या इतिहासाचे सामाजिक फलित आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) थ्रॉटल पुली लहान केल्याने पायाच्या प्रारंभीच्या चालीला गाडी अधिक तीव्र प्रतिसाद देते, मोठी केल्याने तो सौम्य होतो. इंजिनाची कमाल शक्ती लहान पुलीने वाढत नाही, मात्र प्रमाणाबाहेर मोठ्या पुलीने ती अपुरी मिळू शकते.

२) हाताची कळ, दांडी, केबल-पुली आणि विद्युत संकेत या चारही टप्प्यांत मूळ प्रश्न एकच राहिला. प्रत्येक टप्प्यात त्याचे उत्तर देणारी व्यक्ती मात्र बदलत गेली : प्रथम चालक, मग कारागीर व रचनाकार आणि शेवटी संगणकाचे कोष्टक आखणारा अभियंता.

३) जव्हार-मोखाड्यासारख्या भागात सौम्य प्रारंभ, निश्चित परतावा आणि पूर्ण उघडणारी चकती हे तीन गुण ‘पिकअप’पेक्षा महत्त्वाचे आहेत. जुन्या वाहनात ते केबल, स्प्रिंग व मूळ पुली यांची निगा राखून टिकवता येतात.

४) औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवताना विद्युत थ्रॉटलबरोबर पुलीचे गणितही शिकवले जाणे इष्ट आहे. पुली ज्याला उमगली त्याला संगणकातील कोष्टकाचा अर्थ लावणे अवघड जाणार नाही, आणि आपल्या रस्त्याला कसा प्रतिसाद हवा हे कारखान्याला सांगण्याची क्षमताही त्याच्या ठायी येईल.

गाडी पायाचे किती ऐकते याचे मोजमाप शहरातील रस्त्यावर झेपेने केले जाते. घाटात मात्र ती किती समजुतीने ऐकते यावर आत बसलेल्यांचा प्रवास अवलंबून असतो. पुलीच्या काही मिलिमीटरांचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन हेच होय.